मास्तरांचं नववं कलम

बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत असताना गळ्यात लोकरी मफलर गुंडाळून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या ऑफिसातला एसी मास्तरांना सोसत नसे. सकाळी आत आले की खिळ्यावरचा मफलर गळ्यात, आणि दुपारी बाहेर पडताना मफलर परत खिळ्यावर, हातात काळी छत्री. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला बंदराच्या त्या उघड्या माळावर, क्रेन आणि पाइपांच्या ढिगांमधून छत्री धरून चालणारे मास्तर अर्ध्या मैलावरून ओळखू यायचे. अरब ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणत, आम्ही मास्तर. खरं तर त्या ऑफिसात ते नुसते टायपिस्ट होते.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकहून ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा घेऊन नुकताच कुवेतला उतरलो होतो. कंपनी लहान, रिफायनरीला पाइपलाइन टाकून देणारी, साठ-एकसष्ट माणसांची. पहिल्या दिवशी मास्तरांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. चष्म्यावरून बघत म्हणाले, "पासपोर्ट कुठाय तुझा?"

"ऑफिसात जमा केला."

"कुणी घेतला?"

"एअरपोर्टवर जो माणूस घ्यायला आला होता, त्यानं."

"पावती दिली?"

मी हसलो. मास्तर हसले नाहीत. "बरं, नंबर तरी पाठ आहे का?"

नव्हता. मास्तरांनी स्वतःच्या पासपोर्टचा नंबर मला खडाखडा म्हणून दाखवला आणि पुन्हा टाइपरायटरकडे वळले. आल्या आल्या परत जाण्याची भाषा करणारा हा म्हातारा मला त्या दिवशी अगदी अपशकुनी वाटला.

ते सगळे पासपोर्ट मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधल्या हिरव्या लोखंडी कपाटात असत आणि किल्ली साहेबांच्या खणात. तेव्हा बहुतेक ठिकाणी हीच रीत होती, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नसे. साहेब पुण्याचे, इंजिनिअर, आणि माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दिवाळीला सगळ्यांना घरी बोलावून स्वतःच्या हाताने चिवडा वाढायचे. फक्त कुठलीही गोष्ट आज करायची म्हटली की त्यांना ती उद्या करावीशी वाटायची.

खैतानला आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. मास्तर, मी, बीडकडचा किसन नावाचा पाइपफिटर आणि केरळचा एक स्टोअरकीपर. बाथरूम एकच. रोज सकाळी धुसफूस व्हायची, म्हणून एका शुक्रवारी मास्तरांनी मसुदा तयार केला. "ज्याअर्थी या सदनिकेत स्नानगृह एकच आहे, आणि ज्याअर्थी रहिवासी चार आहेत, त्याअर्थी..." असा सुरू होणारा तो मसुदा तीन पानी होता. मास्तरांनी तो हिंदीतून मोठ्याने वाचला. आम्ही जांभया देत सह्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला स्टोअरकीपरला हलवून उठवण्यात आलं, कारण कलम तीनप्रमाणे पहिली पाळी त्याची होती. तो बिचारा ओरडायला लागला. "मी वाचून दाखवलं होतं," मास्तर शांतपणे म्हणाले. "तू कांदा चिरत होतास."

त्यांना मसुद्यांचं असं वेड का, याचं उत्तर त्यांच्या ट्रंकेत होतं. मास्तर मूळचे कराडच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत. एम.ए.नंतर त्यांनी प्रबंधाला घेतलेला विषय ऐकून पुण्यातल्या मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला होता. विषय होता, अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या राज्यांनी गुलामगिरी हळूहळू संपवण्यासाठी सुरुवातीला केलेले कायदे आणि ठराव. "पेशवाईत विषय संपले का?" असं मार्गदर्शक म्हणाले म्हणे. मास्तरांनी मार्गदर्शक सोडला, पण विषय सोडला नाही. पुढे हेडमास्तरांशी वाजलं, नोकरी गेली, टायपिंगच्या जोरावर माणूस कुवेतला आला आणि चारशे पानांचा अर्धा प्रबंध ट्रंकेतून बरोबर आला. कस्टमवाल्यांनी तो पान पान उलटून पाहिला, हे मास्तर फार अभिमानाने सांगत. त्यांच्या मते तो प्रबंध पूर्ण चाळणारा तो पहिलाच माणूस.

"एवढं काय आहे त्यात?" मी एकदा विचारलं. ही चूक माझी. पुढचा दीड तास गेला.

पण जे कळलं ते असं. पेनसिल्व्हेनिया नावाच्या राज्याने सगळ्यांच्या आधी कायदा केला, की गुलामगिरी संपवायची, मात्र बेताबेताने. आज जे गुलाम आहेत ते गुलामच राहतील. उद्यापासून त्यांच्या पोटी जे मूल जन्मेल ते गुलाम नाही, पण त्यानेही अठ्ठावीस वर्षं आईच्या मालकाकडे राबायचं आणि मग मोकळं व्हायचं. शेजारच्या न्यू जर्सीला एवढंसुद्धा करायला आणखी चोवीस वर्षं लागली.

"म्हणजे बघ," मास्तर म्हणाले, "बाई पोळ्या लाटतेय. तिच्या पोटातलं मूल मोकळं, पण तिचे हात बांधलेले. आणि सभागृहात सगळे एकमेकांची पाठ थोपटतायत."

बनेद अल-गारमध्ये एका डॉक्टरांच्या घरी मराठी मंडळींचा गणपती बसायचा. एका वर्षी मास्तरांना भाषणाला बोलावलं. विषय दिला होता 'मराठ्यांची राज्यव्यवस्था'. मास्तर दोन मिनिटं राज्यव्यवस्थेवर बोलले आणि मग जे पेनसिल्व्हेनियात शिरले ते तिथेच राहिले. बायकांनी मध्येच वडे वाढायला घेतले, पुरुषमंडळी पेट्रोलियमबद्दल बोलायला लागली. एका नर्सबाईंची आठ-नऊ वर्षांची मुलगी तेवढी मांडी घालून ऐकत होती. भाषण संपल्यावर तिने हात वर केला. "बट अंकल, व्हाय नॉट ऑल ऑफ देम? सेम डे?"

मास्तरांनी व्यासपीठ म्हणून ठेवलेल्या स्टुलावर दोन्ही हात टेकले. "चोवीस वर्षं मास्तरकी केली," ते म्हणाले, "हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला." परत येताना बसमध्ये ते स्वतःशीच हसत होते.

आता किसनचं सांगतो. किसनचा साखरपुडा कुवेतला येण्याआधी झाला होता. करारात दोन वर्षांनी रजा लिहिलेली होती, ती मिळाली नाही. लाइन चालू करायची आहे, मग जा. लाइन चालू झाली, तर दुसरी लाइन आली. लग्न दोनदा पुढे ढकललं. तिसऱ्या वर्षी मुलीच्या बापाचं पत्र आलं, की वैशाखातला मुहूर्त शेवटचा, त्यानंतर आम्ही दुसरं स्थळ बघू. किसनने ते पत्र साहेबांना वाचून दाखवलं. साहेबांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "बघू, काहीतरी करू." कपाट उघडलं नाही. आणि कपाट उघडल्याशिवाय विमानात बसायची सोय नव्हती.

किसनचं बघून बाकीचेही कुरकुरायला लागले. साइटवर कामं रेंगाळू लागली. तेव्हा साहेबांना एक तोडगा सुचला आणि त्यांनी तो मास्तरांकडे टाइप करायला पाठवला. पुढच्या महिन्यापासून जे नवे कामगार येतील त्यांचे पासपोर्ट त्यांच्याकडेच राहतील. जुन्यांचे मात्र सात वर्षं पुरी झाली की मिळतील.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांनी तो कागद किसनला समजावून सांगितला. किसनला आधी कळेचना. त्याचा धाकटा भाऊ पुढच्याच महिन्यात याच कंपनीत येणार होता.

"म्हंजी तेचा पासपोर्ट तेच्या खिशात," किसन म्हणाला, "अन् मपला कपाटात? म्या थोरला हाय मास्तर!"

मास्तर ताडकन उठले आणि मफलर सावरत केबिनमध्ये घुसले. मी ड्रॉइंगवर सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"साहेब, हा कागद मी पूर्वी वाचलाय."

"कसा वाचाल? आज सकाळी दाढी करताना सुचला मला."

"दोनशे वर्षांपूर्वीचा आहे." आणि मास्तरांनी पेनसिल्व्हेनिया काढलं.

साहेब लालबुंद झाले. "अहो मास्तर, गुलामी कुठली काढताय? पगार देतो, जेवण देतो, आजारी पडला तर डॉक्टर देतो."

"माणसं निराळी आहेत, मान्य. मी फक्त कागदाबद्दल बोलतोय. कागद तोच आहे. जन्माला यायचे आहेत ते मोकळे आणि समोर उभे आहेत ते अडकलेले."

"सगळ्यांचे एकदम दिले तर उद्या निम्मे विमानात बसतील. प्रॅक्टिकल व्हा जरा. हळूहळू करू."

मला वाटलं, आता मास्तरांचा भडका उडणार. पण ते एकदम मवाळ आवाजात म्हणाले, "ठीक आहे साहेब. हळूहळू करू. पण मसुदा मला नीट करू द्या. असा अर्ध्या पानाचा कागद शोभत नाही कंपनीला."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र मनातून मास्तरांवर उखडलो. खैतानला आल्यावर किसनने त्यांच्या ताटात भाकरीसुद्धा टाकली नाही. "मास्तर बी फिरलं," एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मास्तरांनी आपली भाकरी स्वतः घेतली.

मसुदा नऊ पानांचा झाला. कलमं अकरा. मालकांना, म्हणजे आमच्या अरबाबना, सहीसाठी बोलावलं. अरबाब साठीचे कुवेती गृहस्थ. तरुणपणी गलबतांवरून मुंबईच्या फेऱ्या केलेल्या, त्यामुळे बंदरावरची हिंदी फर्डी बोलत. मास्तरांनी मसुदा उभं राहून वाचला, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. प्रस्तावनेत अरबाबनी डोळे मिटून जपमाळ सुरू केली. सहाव्या कलमाला बाहेरच्या टेबलावर साहेबांचा फोन आला, ते बाहेर गेले आणि दहाव्याला परत आले. मग दोघांनी सह्या केल्या. एक प्रत नोटीस बोर्डवर लागली. नऊ पानं वाचायला तिथे कोण थांबणार?

दुसऱ्या दिवशी चहाच्या टेबलाजवळच्या फळ्यावर मास्तरांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'कलम ९. तीस दिवस शिल्लक.' तिसऱ्या दिवशी एकोणतीस.

"मास्तर, हे काय?"

त्यांनी मला बाहेर सावलीत नेलं आणि छत्री मिटून सांगितलं. नववं कलम असं होतं, की कंपनी ज्या ज्या माणसाचा पासपोर्ट ताब्यात ठेवणार आहे, त्याची नोंद मॅनेजरने स्वतःच्या अक्षरात, त्या माणसासमोर, त्याची सही घेऊन एका नोंदवहीत करावी. मुदत तीस दिवस. ज्याची पूर्ण नोंद झालेली नसेल त्याचा पासपोर्ट एकतिसाव्या दिवशी ज्याचा त्याला परत.

"हे माझ्या डोक्यातलं नाही," मास्तर म्हणाले. "पेनसिल्व्हेनियाचंच आहे. तिथेही मालकांना मुदत दिली होती, की तुमच्या ताब्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव, वय सरकारदरबारी लिहून द्या. नाही लिहिलं तर तो मोकळा. आणि कित्येकांनी लिहिलंच नाही! माणूस आपला म्हणायची हौस, पण त्याचं नाव लिहायचा कंटाळा. त्या कंटाळ्यावर माणसं सुटली रे. माझा अख्खा प्रबंध त्या एका कलमासाठी आहे."

मी विचारलं, "पण मग फळ्यावर कशाला लिहिताय? साहेबांच्या लक्षात आलं तर?"

"यावं म्हणून तर लिहितोय. फसवून घेतलेलं उद्या परत काढून घेता येतं. सांगून घेतलेलं नाही."

किसनला कळलं तेव्हा तो मास्तरांच्या पाया पडला आणि लगेच फळा पुसायला धावला. मास्तरांनी त्याचा हात धरला. "पुसलास तर मीच जाऊन वही भरायला लावीन," ते म्हणाले. किसन खाली मान घालून आपल्या पाइपांकडे गेला. त्या महिन्यात तो नीट जेवला नाही.

लाल कापडी पुठ्ठ्याची कोरी वही मास्तरांनी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली, बरोबर पेनही. साहेबांनी ती हेडक्लार्ककडे सरकवली. हेडक्लार्कने मंदूबकडे, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद नाचवणाऱ्या माणसाकडे दिली. मंदूब "बुक्रा" म्हणाला, म्हणजे उद्या. त्याचा उद्या कधी उजाडत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. वही फिरून साहेबांकडे आली.

"मास्तर, तुम्हीच भरून टाका हो."

"कलम नऊ, साहेब. तुमच्या अक्षरात."

"बरं, गुरुवारी बघतो."

खरी गोम इथे होती. त्या ऑफिसात गेली सहा वर्षं लिहिण्याचं प्रत्येक काम मास्तरांनी केलेलं. पत्र मास्तर, फॉर्म मास्तर, साहेबांच्या मुलीच्या शाळेचा अर्जसुद्धा मास्तर. शेवटी मास्तरच भरतील, याची सगळ्यांना इतकी खात्री होती की फळ्यावरचा आकडा बघत बघत लोक निवांत चहा प्यायचे. वहीच्या पुठ्ठ्यावर कपांच्या बुडाची गोल वर्तुळं उमटली.

तीन दिवस उरले असताना मात्र साहेबांनी फळ्याकडे पाहिलं आणि दचकून वही उघडली. कपाटातून हाताला लागेल तो पासपोर्ट काढला. तो नेमका किसनचा निघाला. नाव लिहिलं, नंबर लिहिला आणि सहीसाठी किसनला बोलावणं धाडलं. किसन तीस फूट उंच परांचीवर बसलेला. वरूनच ओरडला, "जॉइंट अर्ध्यावर हाय सायेब! सोडला तर गळंल!" तेवढ्यात रिफायनरीतून फोन आला, साहेब गाडीत बसून गेले आणि वही पुन्हा उद्यावर गेली.  त्या संध्याकाळी किसनने मला चार वेळा विचारलं, "अर्धी नोंद चालंल का?" आणि मास्तरांनी चारही वेळा सांगितलं, "कलमात पूर्ण असं लिहिलंय."

एकतिसाव्या दिवशी मास्तरांनी ऑफिसात आल्यावर मफलर घातला नाही. मसुदा आणि वही घेऊन ते केबिनमध्ये गेले. मीही मागे गेलो, काही काम नसताना. साहेबांनी नववं कलम पहिल्यांदा वाचलं. दोनदा वाचलं.

"हा खेळ आहे मास्तर. मी हे मानत नाही."

"सही आपली आहे."

साहेबांनी थेट अरबाबना फोन लावला. अर्ध्या तासात अरबाबची गाडी आली. त्यांनी खुर्चीत बसून सगळं ऐकून घेतलं, सहीवर बोट ठेवलं.

"ये साइन मेरा है?"

"जी."

किसनच्या सहीविना राहिलेल्या एका ओळीपुढची वहीची पानं त्यांनी एकेक उलटली. "और ये खाली क्यों है?"

"काम बहुत था," साहेब पुटपुटले.

"तीस दिन?" मग मास्तरांकडे वळून अरबाबनी विचारलं, "उस्ताद, तुमने इसको याद नहीं दिलाया?"

मास्तर काही बोलायच्या आत साहेबच म्हणाले, "रोज दिलाया. बोर्ड पे लिखा. मैंने रोज देखा." ते खोटं बोलू शकले असते. बोलले नाहीत, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आजही आदर आहे.

अरबाब हसायला लागले. हसता हसता थांबले आणि वहीच्या कोऱ्या पानावरून हात फिरवत राहिले. "मेरा बाप समंदर से मोती निकालता था," ते म्हणाले. "नाखुदा, यानी जहाज के कप्तान की किताब में कर्जे के साथ उसका नाम लिखा था. बाप मर गया, नाम नहीं मिटा. उसी नाम पे मैं पानी में उतरा, बच्चा था." त्यांनी वही मिटली. "किताब खाली है तो बहुत अच्छा है. कपाट खोलो."

दुपारी एक वाजता सगळं काम थांबलं. यार्डात पत्र्याच्या शेडखाली टेबल मांडलं आणि त्यावर पासपोर्टांचे गठ्ठे. माणसं क्रेनवरून, परांचीवरून उतरून, खड्ड्यातून वर येऊन जमली. कुणाला खरं वाटत नव्हतं. मास्तरांनी चष्मा पुसला, पहिला पासपोर्ट उघडला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात नाव पुकारलं.

"हजर!" किसन ओरडला. पुढे येऊन त्याने पासपोर्ट दोन्ही हातांनी घेतला, उघडून फोटो पाहिला. "ह्यो म्याच का? लईच बारीक हुतो." सगळे खो खो हसले. किसन वैशाखात बोहल्यावर चढला आणि तीन महिन्यांनी पेढे घेऊन परत कामावर आला, हे इथेच सांगून टाकतो. साहेबांची भीती फुकट गेली. कुणीही पळालं नाही.

पण त्या दिवशी नावं पुढे चालली होती. "प्रेझेंट सार," "हाजिर," "येस," अरबीतलं "नअम," ज्याला जे येत होतं त्याने ते म्हटलं. माझं नाव आलं, मी पुढे गेलो. काळ्या पुठ्ठ्याची ती लहानशी वही हातात आली आणि मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण आजूबाजूचे बापये डोळे पुसतच होते. मध्ये मास्तरांनी एक लांबलचक नाव वाचलं, जे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं, आणि स्वतःच "हजर" म्हणून तो पासपोर्ट खिशात घातला. शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्या तेव्हा टेबलावर एकच पासपोर्ट उरला होता. माणसं तर सगळी संपली होती. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मास्तरांनी तो उघडला, नाव पाहिलं, आणि मघाचाच आवाज लावून पुकारलं. ते नाव साहेबांचं होतं.

साहेब शेडच्या खांबाला टेकून उभे होते. हातात अजून कपाटाची किल्ली होती. त्यांनी अरबाबकडे पाहिलं, अरबाबनी मान डोलावली. मग साहेब दोन पावलं पुढे आले, गळ्यातला टाय नीट केला आणि एकसष्ट माणसांसमोर शाळेतल्या मुलासारखा हात वर करून म्हणाले, "हजर."